लाकडाच्या मोळीला एक पुडकं

११ ऑक्टोबर १९४३, सोमवार

डॉक्टरसाहेब दुपारच्या गाडीनं सुरतेकडे गेले. लष्करानं बोलावलंय, कधी परततील ते त्यांनाही ठाऊक नाही. दवाखान्याच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "हिरीबाई, तुम्ही नर्स आहात, डॉक्टर नाही, हे विसरू नका. पण जखम धुता येते, बांधता येते. तेवढं करा." ही कोरी वहीही त्यांचीच. रोज काय केलं ते लिहून ठेवा म्हणाले.

नऊ रोगी होते. सगळ्यांना अर्धवट बरं करून घरी पाठवलं. मास्तरांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पौलसनं, खाटा भिंतीला उभ्या करून ठेवल्या. कपाट उघडून पाहिलं. पट्टीचे गुंडाळे अकरा, कापसाचा एक पुडा, आयोडीन दीड बाटली. एवढ्यावर नवापूरच्या पश्चिमेचे सगळे पाडे सांभाळायचे आहेत.

१६ ऑक्टोबर

मोहपाड्याला रेंग्याकडे गेले होते. हा जंगलच्या ठेकेदाराकडे सागाची लाकडं तोडतो. कुऱ्हाड निसटून नडगीत बसली होती. साहेबांनी टाके घातले आणि आठवडाभरानं घरी पाठवलं. घरी जाऊन पाहते तर आमची पट्टी गेली होती, तिच्या जागी गोणपाटाची चिंधी, आणि चिंधीखाली शेण आणि हळद. वास दारापर्यंत येत होता.

मी रागावले. तो म्हणाला, "बाई, तुमची पट्टी दोन दिवसांत भिजली. मग दुसरी कुठली आणू? बायकोकडे लुगडं एकच आहे."

(ही माणसं बोलतात ती आमची डोंगरातली बोली. माझीही तीच. पण लिहायला हात वळतो तो शाळेच्या मराठीलाच.)

जखम धुतली, अकरांतला एक गुंडाळा तिथं ठेवून आले. येताना बाजारात औषधाच्या दुकानी विचारलं. मुंबईहून पट्टीचा माल येणं बंद. सगळं लढाईवर जातं. एक गुंडाळा होता, त्याची किंमत ऐकून मी दुकानातून उतरले. रेंग्याची चार दिवसांची मजुरी.

साहेबांनी केलेलं काम घरी जाऊन सडतं. टाके घालणं सोपं, पुढचे वीस दिवस कोण निभावणार?

२० ऑक्टोबर

ठरवलं. पट्ट्या मीच करीन.

दोन दिवस नवापुरात दारोदार जुनं सुती कापड मागत फिरले. तेलीण म्हणाली, "माय, नवा कपडा बजारमा नही, तं जुना कोठून देऊ? मन्हा घरमा मढं झाकाले फडकं नही शे." पण जाताना मागून हाक मारून तिनंच नवऱ्याचं फाटकं धोतर दिलं. सासूबाईंनी ट्रंकेतून आपलं पांढरं लुगडं काढलं. म्हणाल्या, "मला पुरताना नेसवायला ठेवलं होतं. जिवंत माणसाला लागू दे."

घरच्या पातेल्यात सोडा घालून वीस मिनिटं उकळलं. आमच्या माडीवर, दार लावून, दोरीवर वाळवलं. साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन गुंडाळलं. एका पुडक्यात दोन लांब पट्ट्या, सहा घड्या आणि बोटाएवढा साबण. वरून मास्तरांच्या शाळेतले जुने परीक्षेचे कागद. पैसे घ्यायचे नाहीत, कोणाजवळ नाहीतच. एका पुडक्याला सरपणाची एक मोळी. त्याच लाकडांवर पुढचं कापड उकळेल.

मास्तर हसले. "तुझा कारखाना निघाला."

५ नोव्हेंबर

रेंग्याची जखम तांबूस झाली, कडा जवळ येताहेत. वास नाही. तो काठी न घेता अंगणभर चालून दाखवत होता आणि त्याची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. सतरा पुडकी गेली. खरं सांगायचं तर आज परतताना मी वाटेत एकटीच मोठ्यानं गात होते.

१४ नोव्हेंबर, रविवार

उपासना सुटली तेव्हा आमच्या ख्रिस्ती देवळाबाहेर मोळ्या घेऊन तेरा माणसं उभी. धडगाव वाटेवरूनही दोघं. घरचं पातेलं पुरत नाही, माडीही पुरत नाही.

शहाबानोनं वाट काढली. स्टेशनच्या टांगेवाल्या जब्बारची ही बायको. तिच्या मुलीच्या बाळंतपणात मी होते, तेव्हापासून ती मला सोडत नाही. तिचा बाप लग्नांत जेवणं रांधायचा, त्याची मोठी तांब्याची देग तिच्याकडे आहे. म्हणाली, "हिरीबाई, एक बार में पचास धोतर उबलेंगे. आंगन भी मेरा बडा है. मोल की बात करोगी तो बोलूंगी नहीं."

२३ नोव्हेंबर

शहाबानोच्या अंगणात आज तिसरी देग उतरवली. किती सुखाचं काम! चिंचेपासून तबेल्याच्या खांबापर्यंत चार दोऱ्या बांधल्या आहेत, त्यावर पांढऱ्या पट्ट्या सणासारख्या फडफडतात. जब्बारचा घोडा मोत्या कुतूहलानं मान पुढे काढतो, एकदा तर त्यानं एक टोक चघळायला घेतलं. जब्बार खराट्यानं तबेला झाडत होता, ऊन तिरपं आलं होतं आणि ती धूळ सोन्यासारखी चमकत होती. वाळलेलं कापड गवताच्या गंजीवर पसरतो म्हणजे जमिनीला लागत नाही. शहाबानो पट्टी गुंडाळते आणि ओठांत काही पुटपुटते.

आज मोजली. एकशे चार पुडकी झाली. साहेबांना पत्र लिहिलं. त्यांना अभिमान वाटेल.

३० नोव्हेंबर

बुध्याची मुलगी मंगी, सात वर्षांची, हिच्या तळपायात बांबूचा खुंट घुसला. तिची आई रूपीबाई तिला पाठीवर घेऊन तीन कोस चालत आली. खुंट काढला, खोल होता. आयोडीन लावलं, बांधलं. घरी बदलायला दोन पुडकी दिली. रूपीबाईला दोनदा बजावलं, शेण लावायचं नाही, राख लावायची नाही. ती म्हणाली, "तुम्ही सांगाल तसंच."

मोळी आणायला जमलं नाही म्हणून लाजत होती. मी म्हटलं, राहू दे.

११ डिसेंबर

मंगीला धनुर्वात.

सकाळी बुध्या धावत आला. "पोरगी खात नाही, बाई. दात उघडत नाही. आणि उगाच हसल्यासारखं तोंड करते." तेव्हाच मला कळलं. गेले तर ती पडली होती, दार वाजलं तरी अंग कमानीसारखं ताठ होत होतं. डोळे मात्र सगळं पाहत होते. शिकताना असा एक रोगी पाहिला होता, पण तो मोठा माणूस होता.

करण्यासारखं काही नाही. धनुर्वातावरचं सिरम नाही, साहेब नाहीत. झोपडीत अंधार करायला सांगितला, कोणी बोलू नका म्हटलं.

मग रूपीबाईला बाहेर बोलावलं. "शेण लावलंस?" ती नाही म्हणाली. मी म्हटलं, "माझ्यापासून लपवू नकोस. धनुर्वात शेणानं होतो." ती पुन्हा नाही म्हणाली. "तुम्ही दिलेलीच पट्टी बांधली. दोन्ही वेळा." माझा संताप आवरेना. इतकं बजावून, इतकी मेहनत घेऊन! सगळा पाडा उभा होता. मी म्हटलं, "देवासमोर सांग." तिनं माझ्याकडे पाहिलं, आत पाहिलं. खूप वेळानं म्हणाली, "लावलं असेल, बाई."

निदान खरं बोलली.

१३ डिसेंबर

मंगी काल दुपारी गेली.

१८ डिसेंबर

तीन पाड्यांवर जाऊन आले. प्रत्येक ठिकाणी बायकांना बसवून मंगीची गोष्ट सांगते. आईनं शेण लावलं, पोर गेली. पुडकं असताना असं करू नका. बायका ऐकतात, एकमेकींकडे बघतात. नुसत्या नियमानं जे होत नाही ते अशा गोष्टीनं होतं.

परतताना कळलं की बुध्यानं रूपीबाईला घराबाहेर काढलं. ती दापूरला आईकडे गेली. मला वाईट वाटलं. पण त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानं वेगळं काय केलं असतं?

जेवताना मास्तर म्हणाले, "तिला किती वेळा विचारलंस?"

"का?"

"असंच. शाळेत एखाद्या मुलाला पाचदा विचारलं की त्यानं केलं नसलं तरी तो हो म्हणतो."

मी ताट उचलून आत गेले. यांना जखमेतलं काय कळतं?

२७ डिसेंबर

नाताळ झाला. यंदा नवे कपडे कोणाच्याच अंगावर नव्हते. कोळसा पाडणारा सुकराम परवा वारला असा निरोप आला. हाताला भाजलं होतं, माझ्याकडून पुडकं घेऊन गेला होता. शेवटी जबडा बसला, अंग वाकडं झालं, भगतानं बाहेरची बाधा म्हटलं. म्हणजे इथंही शेणच. किंवा भगताची राख. मी जाऊन पोचायच्या आत पुरलं होतं, विचारता आलं नाही.

एवढं करूनही माणसं ऐकत नाहीत. कधीकधी वाटतं, सोडून द्यावं.

१० जानेवारी १९४४

सासूबाईंच्या टाचेला भेग पडून ती चिघळली आहे. त्या कोणाला सांगत नव्हत्या, लंगडताना मी पाहिलं. मीच धुते, मीच बांधते, नवीन पुडक्यातली घडी लावून. "राणीसारखी बसवलीस मला," म्हणतात. पाय गरम पाण्यात ठेवला की डोळे मिटून घेतात.

१९ जानेवारी

सकाळी सासूबाईंनी भाकर बाजूला सारली. "मान आखडली गं. गार वारं लागलं असेल." मी तेल चोळलं. दुपारी चहाचा पेला त्यांच्या दातांवर वाजला आणि आत गेला नाही.

मी लिहीत नाही ते काय आहे. मला माहीत आहे ते काय आहे.

२२ जानेवारी

बुधीबाई, माझ्या नवऱ्याची आई, आज सकाळी अकरा वाजता वारल्या. तीन दिवस. शुद्ध शेवटपर्यंत होती. शेवटी मास्तर स्तोत्र म्हणायला लागले तर त्यांच्या आवाजानंच झटका आला, म्हणून ते ओठ हलवत नुसते बसले.

या घरात गाय नाही. शेण नाही. राख नाही. त्या पायाला माझ्याशिवाय कोणाचा हात लागला नाही.

माणसं शवपेटी करायला गेली तेव्हा मी त्यांचं उरलेलं पुडकं खिडकीत नेऊन सोडलं. एकेक घडी उलगडली. चौथ्या घडीत वाळल्या गवताची काडी होती, नखाएवढी. पाचवीत एक केस. जाड, तपकिरी. मोत्याच्या शेपटीचा.

माझी शिकतानाची वही काढली. सोळा वर्षांमागचं माझंच अक्षर. "धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदीत व तबेल्याच्या धुळीत विशेष असतात." परीक्षेत हा प्रश्न आला होता. मला पैकीच्या पैकी गुण होते.

रेंग्याचं पुडकं माझ्या माडीवर वाळलं होतं. मंगीचं नाही. सुकरामचं नाही.

रूपीबाईनं शेण लावलं नव्हतं.

२४ जानेवारी

काल मातीवरून आल्यावर मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "आईला ठाऊक नव्हतं ना?" मी नाही म्हटलं. ते उठून शाळेत गेले. काल रविवार होता, शाळा बंद होती.

आज शहाबानोकडे गेले. तिला वाटलं मी दुःखात आहे म्हणून आले, तिनं मला कवटाळलं. तसंच उभं राहून सांगितलं. तिचे हात सुटले. दोरीवर पट्ट्या होत्याच.

"मगर मैं तो हर पट्टी पे बिस्मिल्ला बोलती थी," म्हणाली.

"तुझी चूक नाही. शिकलेली मी होते."

जब्बार ओट्यावर होता. तो म्हणाला, "बाई, घोडा विकू का?" मी म्हटलं, घोड्यानं काय केलं? तो उठला आणि एकेक दोरी सोडायला लागला. गंजीवरचं, दोरीवरचं, कोठीतलं सगळं कापड अंगणात जाळलं. शहाबानो आत गेली ती बाहेर आली नाही.

२ फेब्रुवारी

आठ दिवस पाडे फिरते आहे, पुडकी परत मागते आहे. एकशे साठावर गेली आहेत, हाती आली एक्केचाळीस.

कोणी देत नाही. मोळी देऊन घेतलेली वस्तू आहे. एकीनं पट्ट्या जोडून बाळाचं झबलं शिवलंय. मी ते मागितलं तर तिनं बाळाला पोटाशी धरलं. बाळाला जखम नाही, राहू दिलं. दुसरीनं पुडकं कणगीवर देवाशेजारी ठेवलं होतं, कुंकू लावून.

रेंग्याकडे दोन होती. म्हणाला, "माझा पाय यानंच बरा झाला. आता विष म्हणता?"

"तुझं वेगळं होतं, रेंग्या. ही नंतरची आहेत."

"दिसायला सारखीच आहेत."

"हो. सारखीच दिसतात."

त्यानं दिली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी अंगणाबाहेर पडले तेव्हा त्याची बायको कोणाला तरी सांगत होती, सासू मेल्यापासून बाईचं डोकं फिरलंय.

प्रत्येक पाड्यावर मी सांगते, मंगीच्या आईनं शेण लावलं नव्हतं, माझ्या पट्टीत विष होतं. ती पहिली गोष्ट सगळ्यांनी ऐकली होती. ही कोणी ऐकत नाही.

५ फेब्रुवारी

साहेबांचं पत्र. माझ्या नोव्हेंबरच्या पत्राचं उत्तर, कुठून आलं ते लष्करानं काळ्या शाईनं खोडलेलं. "तुमचं काम वाचून आनंद झाला. एकच सूचना. साध्या उकळण्यानं धनुर्वाताचे जंतू मरत नाहीत, म्हणून वाळवताना जनावरांपासून दूर ठेवा. हे तुम्हाला ठाऊकच आहे." पत्रावर तारीख वीस डिसेंबरची. मंगीला जाऊन तेव्हा आठ दिवस झाले होते.

मास्तरांनी पत्र वाचलं, घडी घालून वहीत ठेवलं. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच बोलले, "रूपीबाईकडे गेलीस का?"

नाही. सगळीकडे गेले, तिथं नाही.

"मी येऊ?"

"नको," म्हटलं.

७ फेब्रुवारी

आधी बुध्याकडे गेले. तो जाळं विणत होता. सगळं सांगितलं. पाड्यातली चार माणसं जमली. कारभारी म्हणाला, "म्हणजे तुम्ही मारलं?" मी हो म्हटलं. कोणी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. बुध्या जाळं विणतच राहिला. शेवटी म्हणाला, "मी तिला चुलीतल्या लाकडानं मारलं. तो मार आता कोणाला देऊ?" आणि आत गेला.

मग दापूर. ऊन उतरायला लागलं होतं. घर गावाच्या टोकाला. रूपीबाई अंगणात मोहाची पानं झाडत होती. अंगानं फार वाळली आहे. मला पाहून तिनं झाडू खाली ठेवला आणि उभी राहिली, जणू मी पुन्हा काही विचारायला आले आहे.

मी म्हटलं, "रूपी, तू शेण लावलं नव्हतंस."

"नाही," ती म्हणाली.

"मग हो का म्हणालीस?"

तिनं थोडा विचार केला. "तुम्ही शिकलेल्या. तीनदा विचारलंत. मला वाटलं, माझ्या हाताला कुठं लागलं असेल, मला कळलं नसेल. त्या रात्रीपासून हात आठवते. पाणी आणलं, मग पीठ मळलं, मग पट्टी बांधली. शेणाला हात कधी लावला ते आठवतच नाही. रोज आठवते."

मी पायरीवर बसले. पट्टीचं सांगितलं. तबेला, गवत, केस, सासूबाई. माफी मागायला तोंड उघडलं, पण तो शब्द मला काढता आला नाही. तो फार लहान होता.

मी विचारलं, "बुध्याला सांगितलंय. तो नेईल तर जाशील?"

"नाही."

"मग मी काय करू?"

ती दाराकडे पाहत म्हणाली, "आत माझी आई आहे. आंधळी झाली आहे. मी आल्यापासून ती माझ्या हातचं पाणी घेत नाही. शेजारीण येईपर्यंत तहानेली बसते. तिला सांगा. मी सांगून पाहिलं, पण तुम्ही सांगा."

आत गेले. म्हातारी भिंतीला टेकून होती. तिच्या कानाशी वाकून, आमच्या बोलीत, सगळं पहिल्यापासून सांगितलं. तुझ्या मुलीचे हात स्वच्छ होते. पोर माझ्या पट्टीनं गेली. हे मी तुझ्या घरात, देवासमोर सांगते आहे. म्हातारीनं पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं, "तू कोण?"

"मी दवाखान्याची हिरीबाई."

"जिनं आधी सांगितलं, तीच?"

"तीच."

बाहेर शेळीच्या गळ्यातली घंटा वाजत होती. म्हातारीनं तोंड दाराकडे वळवलं आणि हाक मारली, "रूपी, पाणी आण."

रूपीबाईनं लोटा भरून आणला. म्हातारी सगळं पाणी प्यायली, हनुवटीवरून ओघळलं तरी थांबली नाही. रूपीबाई लोटा धरून होती. ती आपल्या हातांकडेच पाहत होती.

मला कोणी बस म्हटलं नाही, मीही थांबले नाही. घरी पोचायला दिवस मावळला.